खिडकीची काच वर जात नाही म्हणून लगेच मोटर बदलू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे पण लिहायचं राहून गेलं होतं. बिंदू चौकात पार्किंगची पावती घ्यायला ड्रायव्हर साइडची काच खाली केली आणि ती परत वर यायलाच तयार नाही, खाली करायचं बटण दाबलं की उरलेली थोडी खाली जायची पण वरचं बटण ओढलं की आवाज नाही काही नाही. त्यात धो धो पाऊस, घरी पोचेपर्यंत सीट आणि दारावरचं बटणांचं पॅनल सगळं भिजलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली तर दार न उघडता, करंट तपासायचा मीटर न लावता सांगितलं की मोटर गेलीय, पॅनल पण बदला, साडेसात हजार होतील.

मी कागल एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, रोज मोटरी आणि स्विचेसशीच काम. त्यामुळे मला पटलं नाही. काचेच्या साध्या मोटरला दोनच वायरी असतात, वर जाताना आणि खाली जाताना फक्त प्लस-मायनस उलटं होतं आणि ते उलटं करायचं काम स्विच करतो. मग काच खाली जाते म्हणजे मोटर फिरतीय, वायरी पण ठीक आहेत, फ्यूज पण ठीक आहे, राहिला स्विच! एवढं साधं कुणी सांगत का नाही याचंच वाईट वाटलं.

घरी गाडी आणून बॅटरीची मायनस वायर काढली, प्लास्टिकच्या पट्टीला कापड गुंडाळून पॅनल हळूच उचकटलं. बॅटरी परत जोडून मीटर लावला तर खालचं बटण दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास येतंय आणि वरचं ओढल्यावर शून्य. परत बॅटरी काढून पॅनल उघडलं तर आत तांब्याच्या पट्टीवर काळा कार्बन आणि कडेला हिरवा कळंक चढलेला. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, शिवाय हे पॅनल काचेच्या बरोबर खाली आडवं बसवलेलं, काच जरा उघडी राहिली की पहिलं पाणी तिथंच. कॉन्टॅक्ट क्लीनर (स्विचचे पॉइंट साफ करायचा स्प्रे) मारला, एकदम बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला, वाळू दिलं आणि जोडलं. काच वर गेली. उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो मात्र काढून ठेवा, आतल्या स्प्रिंगा इतक्या बारीक असतात की उडाल्या तर सापडत नाहीत. आणि रॉकेल, खोबरेल असलं काही त्यात ओतू नका, धूळ चिकटून महिन्याभरात तेच होतं.

बाकीच्या दारांचं असेल तर आधी ड्रायव्हरकडचं विंडो लॉकचं बटण बघा, पोरं ते दाबून ठेवतात आणि आपण गॅरेज गाठतो. सगळ्याच काचा बंद असतील तर फ्यूज किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच). दार उघडझाप करताना मधेच चालते मधेच नाही असं होत असेल तर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलेली असू शकते. बटण दाबल्यावर आतला दिवा जरा मंद होतो पण काच हलत नाही, तर करंट पोचतोय, मग काच वर-खाली ओढणारी वायररोप किंवा मोटर जाम आहे का ते बघायचं. नव्या गाड्यांत बटण फक्त सिग्नल देतं आणि पुढचं काम मॉड्यूल म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबी करते, तिथं वायरी डायरेक्ट जोडून बघायचा प्रयोग कुणी करू नये. बॅटरी काढल्यावर ऑटो काच वेडीवाकडी वागली तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

सगळी गॅरेजं तशी आहेत असं मी म्हणत नाही, शिवाजी उद्यमनगरात हातात मशीनचा पार्ट घेऊन दोष सांगणारी माणसं मी लहानपणापासून बघतीय. ऑइल इंजिन बनवणारं हे गाव, इथं दुरुस्तीची अक्कल जन्माची आहे. म्हणून जास्त लागतं, की तिथंच आता "अख्खी असेंब्ली बदला" ऐकायला मिळतं.

माझी गॅरेजवाल्या भावांना विनंती आहे की मीटर गिऱ्हाइकासमोर लावा आणि बदललेला जुना पार्ट त्याच्या हातात द्या. आणि गाडीवाल्यांनीही तो न लाजता मागून घ्यावा, पैसे आपले आहेत. तुमच्या पेपरात आठवड्याला एक छोटा कोपरा या असल्या माहितीला दिलात तर गावातलेच कारागीर आनंदानं लिहितील, मी स्वतः लिहायला तयार आहे.

आपली एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर