बंद शाळेतली एक चांगली सवय टिकवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाकाळातील शाळेचा विषय निघाला की 'मुलांची दोन वर्षे वाया गेली' हे वाक्य ठरल्यासारखे कानावर पडते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवणारी शिक्षिका म्हणून मी ते सरसकट नाकारणार नाही. मार्च २०२० च्या मध्यावर गोव्यातील शाळा बंद झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये उघडले ते दहावी-बारावीचे वर्ग, आणि आमच्या चिमुकल्यांचे वर्ग खऱ्या अर्थाने भरू लागले ते २१ फेब्रुवारी २०२२ पासून. पहिलीत नाव घातलेले मूल दुसरी संपत आली तेव्हा बाकावर बसले. जोडाक्षर आले की त्याला लागणारी धाप मी अनेक महिने ऐकली आहे.

तरीही त्या काळात हाती लागलेली एक गोष्ट, मुलांनी घरून बोलून पाठवलेली उत्तरे, आपण शाळा उघडताच टाकून दिली, तिच्याविषयी हे पत्र आहे.

आमच्या वाड्यावर घरात रेंज नसे. काजूच्या बागेतील चढणीवर, एका कातळापाशी तेवढी मिळे. बहुतेक घरांत मोबाइल एकच, आणि तोही सकाळी वडिलांबरोबर कामाला जाई. त्यामुळे गुगल मीटवरचा वर्ग आम्ही महिन्याभरात सोडून दिला. त्याऐवजी मी दोन-तीन मिनिटांत धडा बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असे आणि वडील घरी परतल्यावर मुले आपले उत्तर बोलून पाठवत. नाइलाजाने धरलेली ही वाट मला वर्गातल्या पद्धतीपेक्षा काही बाबतींत चांगली वाटू लागली.

तिसरीतील एक मुलगी वर्गात 'हजर' या शब्दापलीकडे तोंड उघडत नसे. २०२० च्या गणेश चतुर्थीनंतर मी विचारले, 'तुमच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या, फळा-फुलांनी सजवलेल्या चौकटीला) काय काय बांधले होते?' रात्री साडेनऊला तिचे उत्तर आले, तब्बल चार मिनिटांचे. सुपारीचे शिपटे, तोरिंगण, आंबाडे, कांगलां; कोणते भाटातले (बागायतीतले), कोणते बाबांनी रानातून आणलेले, कोणते वेलीचे आणि कोणते झाडाचे, सगळे तिने सांगितले. मध्येच मागून आजीचा आवाज आला, 'अगो, घागऱ्यो विसरलें तूं!' मराठी वाक्यात कोकणी शब्द बेधडक मिसळले होते, पण परिसर अभ्यासाच्या पुस्तकातील वनस्पतींच्या पाठापेक्षा त्यात माहिती अधिक होती. पुढे तिने सांगितले की हे तिसऱ्या खेपेचे बोलणे होते. आधीची दोन तिने पुसून टाकली होती. वर्गात चुकले की ते तीस कानांवर पडते, तिथे पुसायची सोय नसते. मलाही ते उत्तर दुसऱ्यांदा ऐकता आले आणि तिचे नेमके कुठे अडते हे कळले, जे भरलेल्या वर्गात कधीच कळले नव्हते. (भागशिक्षणाधिकारी वर्षातून एखाद्या वेळी वर्गात येऊन बसतात, त्या वर्षी आज्या रोज बसत होत्या, आणि त्यांची तपासणी अधिक कडक होती.)

शाळा उघडल्या आणि मोबाइल पुन्हा शत्रू ठरला. पडद्याची सवय लागते ही पालकांची तक्रार रास्त आहे. मात्र बोलून उत्तर पाठवण्यासाठी पडद्याकडे टक लावून बसावे लागत नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत शिक्षणाच्या अभियानात वाचन-लेखनाबरोबर मौखिक भाषेच्या विकासालाही महत्त्व दिले आहे. तेव्हा शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांना आठवड्यातून एक उत्तर घरून बोलून मागवण्याची मुभा द्यावी आणि ते तोंडी मूल्यमापनात धरावे. पावसाळ्यात रेड अलर्टमुळे अचानक सुट्टी जाहीर होते, त्या दिवशीही याचा उपयोग होईल.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय, हा प्रश्न येणारच. माझ्या वर्गात मी ही सवय चालू ठेवली आहे आणि यंदा तिथे अशी दोन मुले आहेत. त्यांचे उत्तर मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर, बाकीची मुले गेल्यानंतर, माझ्या फोनवर घेते. दोघांना मिळून दहा मिनिटे पुरतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
सत्तरी, गोवा