काही झालं नाही, आई

पुणे, १४ जुलै

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर हसत हसत सांगत होतीस आणि मीही हसत होते. अलास्कातल्या त्या लेक क्लार्क पासमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खिंडीत, ढग खाली उतरलेले, पुढचं धड दिसत नाही, मागे मासे धरायला आलेले चार पाहुणे, त्यातल्या एकाला संध्याकाळी अँकरेजहून घरचं विमान गाठायचं. मग तू नदी धरून विमान खालून खालून काढलंस आणि पलीकडे गेलीस तर लख्ख ऊन. "काही झालं नाही गं, आई." फोन ठेवून कुकर लावायला उठले आणि मग जाणवलं की हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. माझंच आहे ते.

ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बाबांनाही अर्धीच माहीत आहे. तू तिसरीत होतीस, माझी बदली एका लहान विमानतळावरच्या हवामान कार्यालयात झाली होती. गच्चीवरून दृश्यमानता पाहायच्या आमच्या खुणा ठरलेल्या असत. पाण्याची टाकी १२०० मीटरवर, साखर कारखान्याचं धुराडं १८०० वर, टेकडीवरचं देऊळ तीन किलोमीटरवर. जे दिसतं ते लिहायचं, एवढंच काम. ऑगस्टमधली एक सकाळ. टाकी दिसत होती, तीही पुसट. धुराड्याचा पत्ता नव्हता. खाली एक छोटं विमान उभं होतं आणि त्यातून जाणारे मोठे गृहस्थ खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते. त्यांचे स्वीय सहायक दर पाच मिनिटांनी आमच्या दारात. दृश्यमानता १५०० मीटर असली तर विशेष परवानगीने विमान सोडता येत होतं. "मॅडम, टाकी दिसतेय ना? मग तीनशे मीटरचं काय एवढं?"

मी पुन्हा गच्चीवर गेले. खरं सांगते, मला त्या पांढऱ्यात काहीतरी काळसर उभं दिसलं. १५०० लिहिलं. विमान गेलं, तासाभराने पोचल्याचा निरोप आला. दुपारी डबा उघडताना मी शेजारच्या टेबलावर म्हटलं, "बघा, काही झालं नाही."

त्या पावसाळ्यात ते धुराडं मला आणखी दोनदा दिसलं. दर वेळी आधीपेक्षा लवकर. तिसऱ्या खेपेला आमचे एक वरिष्ठ मागून गच्चीवर आले. म्हणाले, "दिसतंय का?" मी म्हटलं, "अंधुक." "कुठे?" मी बोट दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या रेषेत कठड्यावर खडूने एक खूण केली आणि दोघं चहा पीत उभे राहिलो. अर्ध्या पाऊण तासाने धुकं विरलं. धुराडं माझ्या खुणेपासून चांगलं वीतभर डावीकडे होतं. ते एक शब्द बोलले नाहीत, चष्मा पुसत जिना उतरून गेले. मला अजून तो खडू आठवतो.

तेव्हा मी काही ढळढळीत खोटं लिहीत नव्हते. पहिलं विमान सुखरूप गेल्यामुळे माझ्या डोळ्यांनी १५०० ची सवय लावून घेतली होती. तुझं रविवारचं बोलणं ऐकून मला नेमकी त्याची भीती वाटली. त्या दिवसाची तेवढी नाही, कारण तो दिवस निभावला. तो पास तुला पुढच्या खेपेला किती मोकळा "दिसेल", त्याची.

आता जरा माझ्या खात्यातलं बोलते. तुमच्याकडच्या विमान वाहतूक प्रशासनाने खिंडीखिंडीत लावलेले ते हवामान कॅमेरे मी रोज बघते, हे तुला ठाऊक नसेल. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तुझ्याकडे सकाळचे सात. वरणभात आटपला की मी टॅब घेऊन बसते. दर दहा मिनिटांनी नवं चित्र येतं आणि शेजारी त्याच जागेचं निरभ्र दिवसाचं चित्र, त्यावर कुठला डोंगर किती लांब, किती उंच ते लिहिलेलं. आमच्या टाकी-धुराड्याचीच सुधारलेली आवृत्ती! बाबा म्हणतात, ही बाई निवृत्त झालीच नाही.

महिनाभर बघून एक समजलं. पासच्या दोन टोकांना बहुतेक वेळा दोन वेगळी हवामानं असतात. पूर्वेकडून समुद्राची ओली हवा चढते, पश्चिमेकडे ती कोरडी होते. महाबळेश्वरला छत्री उलटी होत असते आणि वाईत धुणं वाळत असतं, तसंच. त्यामुळे निघालीस त्या बाजूचं ऊन हा पुरावा नाही आणि पलीकडच्या टोकाचं ऊनही नाही. प्रश्न मधल्या अरुंद भागाचा असतो, आणि तो कॅमेऱ्यात येतोच असं नाही.

वळण्याचं गणित मी वहीत करून पाहिलं. तुला शिकवायला नाही, माझ्या समाधानासाठी. १२० नॉट वेगाने ३० अंश कललीस तर पूर्ण उलटं फिरायला साधारण १३५० मीटर रुंदी लागते. वेग ९० वर आणलास तर साडेसातशे. ९० वर ४५ अंश कललीस तर साडेचारशेच्या आत. हे सगळं वारा नसताना. पाठीवर वारा असला की दरी तेवढीच राहते आणि वळण फुगतं. शिवाय दरीच्या मधोमध उडत असलीस तर दोन्ही हातांना अर्धीच दरी उरते. हे तुझ्या शिक्षकांनी सांगितलंच असेल. मला एवढंच विचारायचं आहे की रविवारी ढगाखाली शिरलीस तेव्हा तू दरीच्या कडेला होतीस की मधे? आणि वेग किती होता? फोनवर विचारणार होते, पण तू हसत होतीस.

आणि तो ढग तुला आत घेता तर? १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांवर प्रयोग झाला होता. फक्त बाहेर बघून उडायची सवय असलेल्यांना नुसत्या उपकरणांच्या भरवशावर सोडलं. विमान हातातून जायला सरासरी १७८ सेकंद लागले. आपल्या पाच लिटरच्या कुकरची पहिली शिट्टी व्हायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, मी काल घड्याळ लावून पाहिलं. तुझ्याकडे उपकरणांवर उडायचा परवाना आहे, मान्य. पण त्या दरीत उपकरणांवर उडायला वर चढावं लागेल, आणि वर दोन्हीकडे डोंगर.

आम्ही मुक्तिनाथला गेलो होतो ते आठवतं? पोखऱ्याला पहाटे पाचपासून बसलो होतो. काली गंडकीच्या घळीत सकाळी दहा-अकरानंतर वारा इतका उठतो की जोमसोमची विमानं त्याच्या आत आटपावी लागतात. एका बाजूला धवलगिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मधून ती वीस मिनिटांची वाट. साडेनऊला सांगितलं, आज विमान नाही. पोखऱ्यात तर निरभ्र होतं! आमच्या गटातले एक काका ओरडायला लागले, "पैसे भरलेत आम्ही, काल गेलं मग आज का नाही?" वैमानिक कोपऱ्यात पाठ करून चहा पीत उभा होता, तुझ्याच वयाचा असेल. लाजिरवाणी गोष्ट ही की मीसुद्धा चिडले होते. जन्मभर हवामान खात्यात काढलेली बाई! बाबांचे गुडघे, जीपचा दिवसभराचा रस्ता, एवढंच डोक्यात होतं. जीपने गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जोमसोमला वाऱ्याने जीपचं दार उघडेना, तेव्हा त्या मुलाची पाठ आठवली.

त्याच वाटेवर २९ मे २०२२ ला ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान डोंगरावर धडकलं. २२ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यात आपल्या ठाण्याचं एक कुटुंब होतं. चौकशीत निघालं की विमान ढगात शिरलं, मार्ग नीट राखला गेला नाही, आणि समोर डोंगर आला की ओरडणारं जे यंत्र असतं ते बंद केलेलं होतं. मी ते वाचून थबकले, कारण तुमच्याकडच्या केचिकनच्या अपघातातही हेच होतं. २५ जून २०१५, सिंगल ऑटर, क्रूझवरचे आठ प्रवासी आणि वैमानिक. त्या भागात उडायला लागून त्याला दोन महिनेही झाले नव्हते. जहाज सुटायची वेळ ठरलेली, कंपनीत वाईट हवेतही जायचा रिवाज पडलेला, आणि ते यंत्र गप्प केलेलं.

गप्प करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. डोंगरात दिवसभर खालून उडायचं तर ते सारखंच ओरडत राहणार. शंभरदा ओरडलं आणि शंभरदा काही झालं नाही, तर माणूस बटण दाबणारच. मीही तेच केलं होतं, फक्त माझं यंत्र डोळ्यांत होतं.

तुझ्या मालकांनी तुला ढकललं असं तू म्हणाली नाहीस. पण पहिलाच हंगाम, सगळ्यांत नवीन तू, त्यातून परक्या देशातली मुलगी. परत फिरलीस तर ऑफिसात कोण कसं बघेल हे कुणी न बोलताही कळतं. त्या पाहुण्याचं विमान चुकणं तर तुझ्या कानामागे बसलेलं. त्याला अँकरेजमध्ये एक रात्र जास्त काढावी लागली असती, चिडला असता, त्या काकांसारखा. वर्षभराने त्यानेच गोष्ट रंगवून सांगितली असती.

मला तुला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. मागणं म्हण.

निघण्यापूर्वी, जमिनीवर असताना, नकाशावर एक जागा ठरव: इथवर पुढची अमुक खूण दिसली नाही तर माघारी फिरायचं. नदीचं वळण, हिमनदीचं तोंड, काहीही. खूण नावानिशी हवी. नुसतं "बघू पुढे" नको. आणि ही जागा मागच्या माणसांनाही आधीच सांग. एकदा सांगून ठेवलं की वळताना तुझं तुझ्याशी भांडण होत नाही.

दुसरी जरा विचित्र वाटेल. त्या खडूच्या प्रसंगानंतर मी एक वही ठेवली होती, निवृत्तीपर्यंत. डावीकडे "दिसलं", उजवीकडे "लिहिलं". वरिष्ठांना दाखवायची नव्हती, कुणालाच नव्हती. तूही ठेव. शंका आलेल्या प्रत्येक फेरीनंतर त्या रात्रीच लिही की शेवटच्या फिरायच्या जागी प्रत्यक्ष काय दिसत होतं. पोचलीस की नाही ते लिहूच नकोस. रविवारचं पान आजच लिही, ऊन विसरून.

सोलापूरची मावशी विचारत होती, एवढं शिकून, सिएटलची नोकरी सोडून ही मासेवाल्यांना ने-आण का करते. मी म्हटलं, तिला डोंगरात उडायला आवडतं. बाबा अजून मधूनमधून "परत येऊ दे" म्हणतात, पण तुझ्या विमानाचा फोटो त्यांनीच फ्रिजवर लावलाय. मला तू परत यायला नको आहे. दर रविवारी ऐकायला हवं ते एवढंच, की या आठवड्यात कितीदा माघारी फिरलीस, कुठून, का. त्या गोष्टी मला सविस्तर सांग. पोचलेल्या फेऱ्यांचं "पोचले" एवढं पुरे.

आत्ता इथे सकाळचे साडेअकरा, तुझ्याकडे रात्रीचे दहा आणि अजून उजेड. पासच्या पूर्वेकडच्या कॅमेऱ्यात उजवीकडचा डोंगर अर्धाच दिसतोय.

तुझी,
आई

ता. क. डिंकाचे लाडू पाठवलेत, बारा आहेत. तुमच्या विमानात अडीअडचणीसाठी खाणं असतंच हे मला माहीत आहे, पण ते विमानात असतं. त्यातले दोन जाकिटाच्या खिशात ठेव, लायटर, शिट्टी आणि ते उपग्रहाचं यंत्र ठेवतेस तिथेच. यंत्र पिशवीत नको, अंगावर हवं. आणि वाट बदललीस तर ऑफिसला लगेच कळव. १९७२ साली अँकरेजहून जुनोला निघालेलं विमान, त्यात अमेरिकेच्या संसदेचे दोन सदस्य होते. ३९ दिवस शोधलं आणि आजवर सापडलेलं नाही. मेतकूट निळ्या झाकणाच्या डब्यात आहे, त्याला ओला चमचा लावू नकोस.