10 टक्क्यांचे म्हणून दिलेले कर्ज 18 टक्क्यांना पडते, त्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वैयक्तिक कर्ज विभाग

विषय : गुंतवणुकीसाठी दिलेल्या कर्जाचा दिशाभूल करणारा व्याजदर आणि फायद्याचा चुकीचा तक्ता

महोदय,

आपल्या प्रतिनिधींनी मला एकरकमी गुंतवणुकीसाठी 1 लाखाचे कर्ज देऊ केले, तेव्हा सोबत एक छापील तक्ता दिला. ‘व्याज 10 टक्के, परतावा 12 टक्के, मधले 2 टक्के तुमचे’ असे त्यावर ठळक अक्षरांत आहे. रक्कम जमा झाल्यावर परतफेडीचे वेळापत्रक आले आणि दोन्ही कागदांचा मेळ कुठेच बसेना.

हे 10 टक्के फ्लॅट रेटने आहेत, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, याचा तक्त्यात उल्लेखही नाही. 5 वर्षांचे व्याज 50 हजार, ते मुद्दलात मिळवून 60 हप्ते पाडले, महिना 2,500. त्यातले 1,667 मुद्दलाचे आणि 833 व्याजाचे, पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत तेच. म्हणजे शेवटच्या महिन्यात माझ्याकडे मुद्दल उरणार 1,667 आणि व्याज मात्र अख्ख्या लाखावरचे! घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज मांडले तर हाच दर वर्षाला सव्वासतरा टक्के होतो. त्यात 2 टक्के प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतले, हातात 98 हजारच आले. ते धरले तर 18 टक्क्यांच्याही वर.

तक्त्याची शेवटची ओळ मला याहून गंभीर वाटते. ‘1 लाखाचे 5 वर्षांत 1,76,000 होतील, फेडाल 1,50,000, निव्वळ फायदा 26,000.’ वाचणाऱ्याला हे पटते, कारण दोन्ही आकडे खरे आहेत. पण दीड लाख काही मी पाचव्या वर्षाच्या अखेरीस एकदम देणार नाही. ते पहिल्या महिन्यापासून माझ्या पगारातून जाणार. तेच 2,500 दरमहा, कर्ज न काढता, त्याच 12 टक्क्यांनी गुंतवले तर 5 वर्षांनी सुमारे 2 लाख होतात. तुम्ही ज्याला 26 हजारांचा फायदा म्हणता, तो प्रत्यक्षात जवळजवळ 24 हजारांचा तोटा आहे. कर वेगळाच.

आणि हे सगळे 12 टक्के मिळालेच तर. परतावा बाजाराच्या हातात, हप्ता मात्र ठरलेला. गुंतवणूक 20 टक्क्यांनी पडली तर मूळ रकमेवर यायला 25 टक्के वाढ लागते, आणि तोवर हप्ता थांबत नाही. तक्त्यात पडझडीचा एक रकानाही नाही. फोनवर विचारले तेव्हा ‘सगळे असेच दाखवतात’ एवढेच उत्तर मिळाले. नोकरदार माणूस अशा कागदावर विश्वास ठेवून पाच वर्षांचे पगार बांधून घेतो, याची जाणीव ते छापणाऱ्यांना असायला हवी.

मला हे कर्ज आताच बंद करायचे आहे. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क न लावता ते बंद करावे, कापलेले प्रक्रिया शुल्क परत करावे आणि बाकी रक्कम घटत्या शिलकीच्या हिशेबाने काढून लेखी कळवावी. हा तक्ता वाटणे तातडीने थांबवावे. ज्यांना तो आधीच दिला आहे, त्यांना सर्व शुल्कांसह खरा वार्षिक दर पत्राने कळवावा, हीही माझी मागणी आहे.

तक्ता आणि वेळापत्रकाच्या प्रती जोडल्या आहेत. उत्तर लेखीच द्यावे.

आपला,
एक कर्जदार ग्राहक