‘आधी पिट दाखवा’ म्हणणाऱ्या अनोळखी मित्रास

स. न. वि. वि.

तुमचं नाव माहीत नाही, म्हणून माझ्या सॅमसंग फोनवर टीडब्ल्यूआरपी ही पर्यायी रिकव्हरी (मूळ सिस्टिमबाहेरून दुरुस्ती करणारा आणि नवी सिस्टिम टाकणारा छोटा प्रोग्राम) बसवताना केलेल्या मदतीचे हे आभार असे जाहीर.

सॅमसंगचा फोन हाइमडॉल या संगणकावरच्या प्रोग्रामने फ्लॅश करताना, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर लिहिताना, ‘लिबयूएसबी एरर -१२’ हा यूएसबी जोडणीचा दोष आला की सल्ल्यांना तोटा नसतो. केबल बदला, सॅमसंगचा ड्रायव्हर पुन्हा टाका, नाहीतर सरळ ‘बोर्ड गेला’. त्यातला ड्रायव्हरचा सल्ला तर उलटाच. विंडोजवर ओडिनला (सॅमसंगच्या स्वतःच्या फ्लॅश करायच्या प्रोग्रामला) जो ड्रायव्हर लागतो, तोच हाइमडॉलच्या आड येतो. फोन डाउनलोड मोडमध्ये (फ्लॅश करायच्या खास अवस्थेत) जोडून झाडिग या ड्रायव्हर बदलणाऱ्या प्रोग्राममधून त्या डिव्हाइसला विनयूएसबी हा ड्रायव्हर बसवा, एवढंच तुम्ही सांगितलंत आणि विषय संपला.

पण खरे आभार पुढच्या वाक्याचे आहेत. ‘अजून काहीही लिहू नका. आधी प्रिंट-पिट चालवा आणि आलेलं सगळं मला पाठवा.’

ती कमांड फोनमधली पिट, म्हणजे साठवणुकीच्या भागांची (पार्टिशनची) यादी, नुसती वाचते, पुसत काही नाही. आधीच्या जाणकारांनी मॉडेल नंबरही न विचारता कुठलीतरी पिट फाइल हातात देऊन रीपार्टिशन (त्या भागांची नव्याने आखणी) करायला सांगितलं होतं! चुकीच्या पिटने तसं केलं की ईएफएस हे फोनची ओळख जपणारं पार्टिशन धोक्यात, आणि ते बिघडलं की आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्क दोन्हींवर पाणी. तुम्ही ती लांबलचक यादी ओळ न ओळ वाचलीत आणि कळवलंत, ‘तुमच्या फोनमध्ये रिकव्हरीच्या पार्टिशनचं नाव सगळं कॅपिटलमध्ये आहे, तसंच्या तसं लिहा. बाकी कशाला हात लावू नका.’

सोबत कमांडला ‘नो-रीबूट’ (फोन आपोआप पुन्हा सुरू करू नको) जोडायला लावलंत, तेही कारणासकट. मूळ सिस्टिम एकदा चालू झाली की बऱ्याचदा स्वतःची रिकव्हरी परत लिहून टाकते, मग ‘फ्लॅश झालं पण दिसत नाही’ ही ओरड. म्हणून फोन बंद करून व्हॉल्यूम अप, होम आणि पॉवर एकत्र दाबून थेट नव्या रिकव्हरीत.

नुसती कमांड फेकून मोकळे होणारे पुष्कळ. परक्याचा फोन आपला समजून आधी नीट बघणारा माणूस क्वचित भेटतो, आणि त्याचं मोल त्या यादीएवढ्याच लांबीचं पत्र लिहूनही फिटणार नाही.

रॉम (फोनची नवी सिस्टिम) टाकण्याआधी टीडब्ल्यूआरपीमधून ईएफएसचा बॅकअप घेतला, फोनबाहेर ठेवला. ती नवी सिस्टिम, लिनिएजओएस, चालू आहे. रेंज पूर्ण आहे.

कळावे,
आपला ऋणी