गिअरची सायकल फिक्सी करून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून हे बोलायला गेलो असतो तर तुम्ही नेहमीप्रमाणे "बरं बरं, तो पाना दे इकडे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

जुनी रोड बाईक फिक्सी करायला, म्हणजे गिअर काढून मागचं चाक पेडलबरोबरच फिरेल अशी करायला, तुमच्यासमोर उभी केली तेव्हा रंग उडालाय की नाही, हे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. थेट मागच्या चाकापाशी बसलात. एक्सल बसतो ती खाच पुढे-मागे सरकवण्याइतकी आडवी आहे, हे बघून "जमेल" म्हणालात. खाच उभी असती तर चेन ताणायला जागाच उरली नसती आणि अर्धा खर्च तिथेच वाढला असता.

मग मी आणलेली खरेदीची यादी तुम्ही पेन्सिलीने खोडायला घेतलीत. नवा क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, कशाला? पेडलपाशी चेन फिरवणाऱ्या दोन दातेरी चकत्यांपैकी 52 दात्यांची बाहेरची चेनरिंग काढली, आतली 42 ची ठेवली, बोल्ट लांब पडत होते तिथे वायसर घातले. चेनही मागच्या कॉगच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या, सरळ रेषेत आली. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर 126 मिलिमीटर आणि ट्रॅक हब (फिक्सीच्या चाकाचा मधला भाग) 120 चा, म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे वायसर. जुन्या डब्यातून ते शोधताना तुमचा चेहरा बघण्यासारखा होता!

ट्रॅक हबच हवा, यावर मात्र तुम्ही अडून बसलात. जुन्या हबवर फ्रीव्हीलच्या (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागाच्या) आट्यांवर फिक्स कॉग बसतो, हे खरंच आहे, आणि पैसे वाचवायला अनेकजण तेच करतात. तुम्ही वाद घातला नाहीत. कॉग जुन्या हबवर फिरवून बसवलात, हब माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता पेडल उलटं दाबतोयस असं समज." अंगठ्याच्या जोरावर कॉग सुटून आला. ट्रॅक हबला कॉग धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगचे आटे उलटे असतात. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला आणखी घट्ट करतो. एवढं हातात घेऊन कळल्यावर हबच्या खर्चाला नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

पुढचा ब्रेकही तुम्ही काढू दिला नाहीत. ब्रेकशिवाय सायकल देखणी दिसते, हे मी अजूनही म्हणेन. पण पायाने वेग आवरणं वेगळं आणि समोर कोणी आडवं आल्यावर थांबणं वेगळं, यावर तुमच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

कॉग निवडताना केलेलं गणित मला फार आवडलं. 42 ला 14 म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर तीन. थांबायला तोच पाय पुढे ठेवून, पेडल रोखून चाक लॉक केलं, की दरवेळी टायर एकाच जागी घासणार. 16 चा लावला तर झीज आठ जागी वाटली जाते. दोन दात्यांत टायरचं आयुष्य वाढलं, वर चढावही सोपा झाला.

सगळ्यात जास्त वेळ चेनने खाल्ला. पेडल फिरवलं की एका जागी ताठ, अर्ध्या फेरीनंतर सैल. तुम्ही चेनरिंगचे बोल्ट किंचित ढिले केलेत, ताठ जागा वर आणून लाकडी दांड्याने हलकेच ठोकलंत, पुन्हा फिरवलंत, पुन्हा ठोकलंत. मला वाटलं आता पुरे. तुम्हाला वाटलं नाही. आणि मधेच मी फिरत्या चेनला चिंधी लावायला गेलो तेव्हा केवढ्याने ओरडलात! ही चेन बोट अडकलं तरी थांबत नाही, हे त्या ओरडण्यामुळे कायमचं डोक्यात बसलं.

मजुरीचा विषय काढला की तुम्ही ऐकू न आल्यासारखं करता, तर ते राहू दे. काढलेले गिअर बदलायचे भाग, म्हणजे डिरेलर आणि शिफ्टर, आणि फ्रीव्हील मी स्वच्छ करून, तेल लावून ठेवले आहेत. 52 ची चेनरिंगही आहे. कोणाची गिअरची सायकल दुरुस्तीला आली आणि यातलं काही लागलं, तर सरळ मागून घ्या. पैशांचं नाव काढायचं नाही.

तुमचा आभारी,
फिक्सीवाला