झेंडे बदलले, निर्यातबंदी तीच

महोदय,

कांदा निर्यातबंदीविरुद्ध मी दोनदा रस्त्यावर बसलो. पहिल्यांदा सप्टेंबर २०११ मध्ये, दुसऱ्यांदा डिसेंबर २०२३ मध्ये चांदवडला. मधल्या काळात दिल्लीतलं सरकार बदललं. २०११ ला माझ्या शेजारी बसून घसा फोडणारा कार्यकर्ता २०२३ ला फोनवर मलाच समजावत होता, ‘काका, शहरातल्या गरिबाचाबी विचार करावा लागतो.’ हे वाक्य २०११ ला समोरचे, म्हणजे तेव्हा सत्तेत असलेले लोक बोलायचे.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा केंद्रात कृषिमंत्री शरद पवार होते. चांदवडच्या रास्ता रोकोला ते आले, आम्हाला बरंही वाटलं. पण माझ्या मागचा एक म्हातारा पुटपुटलाच, ‘त्या टायमाला कुठं होते?’

मे २०१४ मध्ये नवं सरकार आलं. महिना व्हायच्या आत कांद्याला टनामागे ३०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं, म्हणजे त्याखालच्या भावात माल परदेशी पाठवायचा नाही. जुलैत ते ५०० वर नेलं. जून २०२० मध्ये अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंतून मोकळा केला. आमच्या पारावर त्या दिवशी चहा माझ्याकडून होता. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली. तो चहा अजून माझ्या नावावर काढतात.

घरात तारेच्या हुकाला हिशेबपट्ट्या अडकवलेल्या आहेत. डिसेंबर २०२३ च्या दोन एकमेकींखाली आहेत. बंदीआधीची ३,४०० रुपये क्विंटल, नंतरची १,७००. वावर तेच, ट्रॉली तीच. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून थांबवला असता. लाल कांदा टिकत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. हमाली, तोलाई, गाडीभाडं मात्र अर्धं झालं नाही.

सत्तेत बसलं की असं का होतं, ते न कळण्याइतके आम्ही खुळे नाही. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, ती धास्ती सगळ्याच पक्षांना आहे. शिवाय बंदीला पैसा लागत नाही, एका अधिसूचनेत काम होतं. साठवणुकीला आणि वेळेवर खरेदीला पैसा लागतो.

मग विरोधात असतानाच खरं बोला. ‘बंदी कधीच घालणार नाही’ असं सांगूच नका, आम्ही आता ते धरतही नाही. निदान ३० दिवस आधी सांगून बंदी घालू, बंदरावर पोचलेला माल अडवणार नाही, एवढं तरी जाहीरनाम्यात छापा. पुढच्या रास्ता रोकोला जो नेता येईल, त्याने भाषणाआधी तो कागद दाखवावा. माईक नंतर देऊ.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक