‘गो अराउंड’ला थरार म्हणू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखादे विमान पहिल्या प्रयत्नात न उतरता पुन्हा वर गेले (याला वैमानिक ‘गो अराउंड’ म्हणतात) आणि एक फेरी मारून सुखरूप उतरले, की मराठी वृत्तपत्रांत ती बातमी बहुधा ‘प्रवाशांचा जीव टांगणीला’ किंवा ‘थोडक्यात बचावले’ अशा मथळ्याखाली येते. या मथळ्यांविषयी मला तक्रारवजा विनंती करायची आहे. ती नीट समजावी म्हणून थोडे सविस्तर लिहावे लागत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आम्हा सोलापूरकरांना विमानतळाची चर्चा नवीन नाही. होटगी रोडच्या विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडावी की नाही, यावर या शहराने कित्येक वर्षे वाद घातला आणि अखेर जून २०२३ मध्ये ती पाडली गेली. ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. चिमणीची उंची आणि धावपट्टीची लांबी आता इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र धावपट्टी दिसू लागल्यावर पुढच्या दोन खुर्च्यांवर बसलेली दोन माणसे एकमेकांशी काय बोलतात, यावर त्या वादात कधी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही, आणि विमान सुखरूप उतरणे त्या बोलण्यावरही तितकेच अवलंबून असते.

मी रेल्वेचे इंजिन चालवून निवृत्त झालो आहे. विमान चालवण्याशी माझा संबंध नाही, परंतु दोन माणसांनी शेजारी बसून मागच्या शेकडो जिवांची जबाबदारी वाहण्याशी आयुष्यभर आला. आमच्याकडे सिग्नल मोठ्याने पुकारण्याचा नियम आहे. सहायकाने सिग्नलचा रंग मोठ्याने सांगायचा, चालकाने स्वतः पाहून तोच रंग उच्चारायचा, आणि चालक आवश्यक ती कृती करत नसेल तर सहायकाने स्वतः आपत्कालीन ब्रेक लावायचा. बाहेरच्या माणसाला हा पोरकटपणा वाटेल. एका पावसाळी रात्री माझ्या सहायकाने ‘पिवळा’ असे पुकारले आणि मी ठणकावून ‘हिरवा’ म्हणालो. त्याने पुन्हा ‘पिवळा’ म्हटले आणि हात ब्रेककडे नेला, तेव्हा मी डोळे ताणून पाहिले. सिग्नल पिवळाच होता. तो मुलगा नोकरीत माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता. त्याने पहिल्या वेळी ‘साहेब, सिग्नल जरा बघता का?’ असे विचारले असते, तर मी ‘बघितला’ असे म्हणून पुढे गेलो असतो, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. त्याचे आभार मी दुसऱ्या दिवशी मानले, त्याच रात्री मानायला हवे होते.

हे सारे मनात ताजे असल्यामुळे विमान अपघातांचे चौकशी अहवाल मी लक्षपूर्वक वाचतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले, केवळ ८ जण वाचले. कॅप्टनच्या गाठीला दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव होता. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचे होते आणि त्यातील पहिली सुमारे १ तास ४० मिनिटे कॅप्टन झोपलेले होते, असे चौकशीत आढळले. विमान हवे त्यापेक्षा उंच राहिले होते. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर न्या, असे तीन वेळा सांगितले, यंत्रणाही धोक्याच्या सूचना देत होती, तरीही उतरण्याचा प्रयत्न चालूच राहिला आणि चाके धावपट्टीला टेकली ती सुमारे ५,२०० फूट मागे टाकल्यावर. बातम्यांत या अपघाताचे कारण ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत संपले. पण त्या कॉकपिटमध्ये वैमानिक दोन होते, आणि त्यातल्या एकाला चूक वेळेत दिसली होती.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोडला भर पावसात जे घडले त्याने मला अधिक अस्वस्थ केले. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकले, तेही मागून वारा असताना, आणि २१ जणांचे प्राण गेले. दोन्ही वैमानिक त्यात गेले आणि त्यांच्या कर्तबगारीविषयी मला आदरच आहे. पण अहवालात नोंदवलेल्या संभाव्य कारणात दोघांचाही उल्लेख आहे हे सांगणे भाग आहे: विमान चालवणाऱ्याने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ पुकारूनही ते उतरवले, आणि सहवैमानिकानेही पुढे होऊन नियंत्रण आपल्या हाती घेतले नाही. म्हणजे तोंडाने सांगणे झाले, पण माझ्या सहायकाचा हात जसा ब्रेककडे गेला, तसा इथे गेला नाही.

असे का होते? परदेशांतील अपघात पाहिले तर हा केवळ आपला दोष नाही हे कळते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून बर्फवृष्टीत निघालेल्या विमानाचे एक उपकरण इंजिनाची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत होते. विमान धावपट्टीवर धावत असताना सहवैमानिक ‘हे बरोबर वाटत नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणाला, कॅप्टनने बरोबर असल्याचे सांगितले, आणि शेवटी सहवैमानिकच ‘कदाचित असेलही’ असे म्हणून मागे सरला. विमान नदीवरील पुलावर आदळले आणि पुलावरील चौघांसह ७८ जण गेले. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालणाऱ्या विमानाचे इंधन संपत आले होते, पण रेडिओवर बोलणाऱ्या सहवैमानिकाने ‘इमर्जन्सी’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्याने प्राधान्य मागितले आणि इंधन संपत असल्याचे दुसऱ्या एका वाक्याच्या शेपटाला जोडून सांगितले. त्या अपघातात ७३ जणांचा मृत्यू झाला.

यांत सर्वांत शिकण्यासारखी घटना मला २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर झालेली दोन जंबो विमानांची टक्कर वाटते. त्यात ५८३ माणसे गेली. त्यातील एका विमानाचे कॅप्टन हे डच कंपनीच्या वैमानिकांना शिकवणारे ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी विमान पुढे काढायला सुरुवात केली तेव्हा, परवानगी अजून मिळालेली नाही, असे सहवैमानिकाने त्यांना सांगितले आणि ते थांबले. काही क्षणांनी, उड्डाणाची परवानगी नसताना, ते पुन्हा निघाले आणि या वेळी त्याच सहवैमानिकाने त्यांना टोकले नाही. एकदा टोकलेल्या वरिष्ठाला लगेच दुसऱ्यांदा टोकणे किती जड जाते, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मग मागे बसून यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरने, ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाहेर गेले नाही का, असे विचारले आणि कॅप्टनने ठामपणे ‘गेले’ असे उत्तर दिले. धुक्यात ते विमान समोर धावपट्टीवरच होते.

परदेशांतील या अपघातांत मला एकच धागा दिसतो: कनिष्ठाला जे दिसत होते ते त्याने प्रश्न म्हणून विचारले, शंका म्हणून मांडले किंवा विनंती म्हणून पुढे केले. प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर मिळाले की विषय मिटतो. आपल्या मराठीत तर याला घरापासूनच खतपाणी मिळते. वडीलधाऱ्यांना, गुरुजींना, साहेबांना त्यांची चूक सरळ सांगणे उद्धटपणा समजला जातो, म्हणून आपण ‘तुमच्या लक्षात असेलच, पण...’ अशी सुरुवात करतो आणि मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष निघून गेलेले असते. ही आपली अदब मला प्रिय आहे. परंतु धावपट्टी पुढ्यात असताना तिच्यासाठी लागणारे चार सेकंदही नसतात.

विमान वाहतूक क्षेत्राने यातून धडा घेतला आहे हेही मान्य केले पाहिजे. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ चाकांतील बिघाड सोडवण्यात गुंतलेल्या कर्मचाऱ्यांचे इंधनच संपले आणि दहा जण गेले. त्यानंतर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण उभे राहिले आणि पुढे जगभर पसरले. कनिष्ठाने कसे सांगावे आणि वरिष्ठाने कसे ऐकावे, हे त्यात शिकवले जाते. अनेक कंपन्यांत दोनदा सांगूनही योग्य प्रतिसाद मिळाला नाही तर सहवैमानिकाने नियंत्रण आपल्याकडे घ्यावे, अशी शिकवण असते. गैरसमज होऊ नये म्हणून ‘टेकऑफ’ हा शब्दही आता नियंत्रकाशी बोलताना प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात. माझ्या मते यातले ऐकण्याचे शिक्षण अधिक कठीण आहे, आणि ते वर्गात एकदा बसून होणारे नव्हे.

आता माझ्या विनंतीकडे येतो. ‘गो अराउंड’ ही विमान चालवण्यातली नित्याची आणि रीतसर कृती आहे. उंची, वेग किंवा दिशा ठरलेल्या मर्यादेत नसेल तर तसे करणेच अपेक्षित असते. मंगळूर आणि कोझिकोडला ते झाले नाही म्हणून माणसे गेली. जिथे ते होते तिथे प्रवाशांना वीस मिनिटे उशीर होतो, इंधन जास्त लागते, आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवरील चित्रफितीसह ‘थरारक’ बातमी झळकते. तिशीतल्या सहवैमानिकाने दुसऱ्या वेळी ‘गो अराउंड’ म्हणण्यासाठी तोंड उघडावे की नाही, या क्षणी त्याच्या मनावर कॅप्टनचा, कंपनीचा आणि उशिराचा दाब आधीच असतो. त्यात आपल्या मथळ्याची भर पडू नये.

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीत विमान वर का नेले गेले असावे, हे विमानतळाकडून विचारून दोन ओळींत लिहावे, आणि मथळ्यात ‘वैमानिकाने उतरणे रद्द करून दुसऱ्या प्रयत्नात विमान उतरवले’ एवढेच म्हणावे. तसेच मोठ्या अपघातांचे अंतिम अहवाल प्रसिद्ध होतात तेव्हा, अपघातानंतर कित्येक महिने लोटलेले असले तरी, त्यांतील निष्कर्ष मराठीत सविस्तर छापावेत. होटगी रोडवरून गोव्याला जाणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांना ते वाचायचे आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त लोको पायलट, सोलापूर